दोन्ही दारं डावीच!

ह्यांच्या उजव्या कोपराला कायम एक ओरखडा असायचा. एक बरा झाला की दुसरा. विचारलं की, "गाडीचा पत्रा लागला," एवढंच उत्तर. मी हळद लावायची आणि विसरून जायची.

आमची ४०७ आहे, २००४ सालची. टाटांनी ही गाडी १९८६ मध्ये बाजारात आणली. आमच्या येवल्यात आजही चार गल्ल्या फिरलात तर एखादी दिसतेच. हे कांदा घेऊन वाशीच्या मार्केटला जातात. आठवड्यातल्या तीन रात्री तरी त्या केबिनमध्येच. पण खरं सांगू का मैत्रिणींनो, दसऱ्याला हार घालण्यापलीकडे मी त्या केबिनकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

पाहिलं ते दोन वर्षांपूर्वी. मार्केटच्या रांगेत ह्यांना चक्कर आली. बी. पी. ची गोळी दोन दिवस घेतलीच नव्हती. का, तर गोळ्यांची पट्टी घसरून सीटखाली गेलेली! घरी आल्यावर मी स्वतः गाडीत चढले. दाराच्या आतलं पॅड खालून चहात बुडवलेल्या बिस्किटासारखं भुसभुशीत झालेलं, रेक्झिन लोंबतंय आणि उघडा पत्रा नेमका कोपराच्या उंचीवर. ओरखड्याचं कोडं सुटलं.

गादीवाल्याकडे गेलो. दोन दारांचे साडेतीन हजार सांगितले आणि वर म्हणे, "वहिनी, हे ब्लाऊजचं काम नाही." मी वीस वर्षं पैठणीचे ब्लाऊज शिवते. काठ एक सूतही सरकलेला गिऱ्हाईक चालवून घेत नाही. म्हटलं, बघूच.

काचेचं हँडल काढण्यातच अर्धी सकाळ गेली. आमच्या गाडीला त्याच्यामागे एक छोटी पिन असते. जुन्या सुती साडीची पट्टी हँडलमागे घालून दाढी करताना वस्तरा पट्ट्यावर घासतात तशी मागेपुढे ओढली, की पिन टुणकन बाहेर येते. पहिली इतकी टुणकन आली, की अंगणातल्या तुळशीत सापडली.

जुनं पॅड वर्तमानपत्रावर ठेवून माप घेतलं. खालचा भाग गळून पडलेला, तिथे कागद थेट दारावर धरून खुणा केल्या. मग तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड आणला, कागद ठेवून दोन पॅडं आखली, सुताराकडून कापून आणली. डाव्या दाराला बसवलं, अगदी चपखल! उजव्या दाराला लावायला गेले, तर हँडलचं भोक भलतीकडेच.

दोन्ही डावीच कापली होती!

ब्लाऊजचं कापड दुहेरी घडी घालून कापतो ना आपण, डावा-उजवा आपोआप निघतो. हार्डबोर्डला घडी कुठली! कागद उलटा करायचा, हे डोक्यातच आलं नाही. बरं, एक पॅड उलटं करून वापरावं, तर बोर्डाची एक बाजू गुळगुळीत, दुसरी खरखरीत, आणि वर चिकटवायचा फोम त्या खरखरीत बाजूवर. ह्यांनी फक्त भुवया वर केल्या. मी गुपचूप दुसरा बोर्ड आणला.

बोर्डाच्या कडांना दोन हात व्हार्निश लावलं, कारण हार्डबोर्ड पाणी पितो तो कडेनेच. वर पातळ फोम, त्यावर रेक्झिन. चिकटवायला रबरासारखं सोल्यूशन मिळतं. ते दोन्हीकडे लावून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, बोटाला चिकटेनासं झालं की मगच दाबायचं. एकदा बसलं की हलत नाही. अंगणातच करा हे काम. वासाने डोकं चढतं आणि ते पेटही घेतं, गॅसजवळ अजिबात नको.

माझी मशीन पायाची, जुनी. सोळा नंबरची सुई मोडली, अठराची चालली. टाका मोठा ठेवला. रेक्झिनला बारीक टाका घातला, तर टपाल तिकिटांच्या कागदासारखं त्याच रेषेत फाटतं. टाचण्याही चालत नाहीत, भोक कायमचं राहतं; कपडे वाळत घालायचे चिमटे लावले. पायपट्टी चिकटायला लागली, तर रेक्झिनवर टाल्कम पावडर!

सगळ्यात महत्त्वाचं काम मात्र न दिसणारं. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोटात जातंच, ते थांबवता येत नाही. खाली भोकं असतात, त्यातून ते निघून जायला हवं. आमची भोकं चिखलाने बुजलेली, ती डोक्यातल्या आकड्याने मोकळी केली. मग पत्र्यावर प्लास्टिकचा जाड कागद चिकटवला आणि त्याची खालची कड दाराच्या पोटात सोडली. जुन्या पॅडाच्या मागे हा कागदच नव्हता. मग ते कुजणार नाही तर काय!

ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. चांगलंच झालं. जुन्या गाड्यांचं मात्र ज्याचं त्याने बघायचं.

उजव्या दाराला मी कोपराखाली जाड फोमची पट्टी दिली आणि पुढे एक खिसा, झाकण आणि वेल्क्रो लावून. गोळ्यांच्या पट्टीच्या मापाचाच. दुसरं काही मावू नये म्हणून. सगळा खर्च, वाया गेलेल्या बोर्डासकट, चौदाशे रुपये.

जूनमध्ये कसारा घाटात ह्यांना धो धो पाऊस लागला. गाडी दारात आली तशी मी आधी पॅडाच्या खालच्या कडेवरून हात फिरवला. कोरडी होती. मग खिसा उघडला आणि गोळ्या मोजल्या. तीन दिवसांच्या तीन जायला हव्या होत्या, दोनच गेल्या होत्या.

"अहो, एक राहिली!"

"अगं, ती काल रात्रीची. थांबलोच नाही ना कुठे."

पाण्याचा तांब्या घेऊन मी गाडीपाशीच उभी राहिले.