राइट टाउन : वाहतूक, जल आणि स्थळनिवड

इमारतीच्या जागेचे रेल्वेपासून व बाजारापासूनचे अंतर हा आता पर्यावरणविचाराचाही प्रश्न झाला आहे. जबलपूरचे राइट टाउन या कसोटीस सहज उतरते. 1867 मध्ये अलाहाबादकडून व 1870 मध्ये इटारसीकडून आलेले लोहमार्ग जबलपुरात जुळले आणि मुंबई–कलकत्ता प्रवास सलग झाला. शिवाय मदनमहाल स्थानक या वस्तीला जवळच आहे. तथापि ‘लीड’ या अमेरिकन हरित मानांकनाने 2013 च्या चौथ्या आवृत्तीत ‘स्थान व वाहतूक’ हा विभाग ‘शाश्वत स्थळे’ या विभागापासून वेगळा केला, ही गोष्ट येथे अर्थपूर्ण ठरते. जेथे सहज पोहोचता येते, तेथे पावसाचे पाणी जिरेलच असे नाही.

जबलपुरात या दुसऱ्या कसोटीचा पुरावा स्थलनामांत सापडतो. राइट टाउन, नेपियर टाउन ही वसाहतकालीन नावे भूमीविषयी मौन पाळतात. रानीताल, चेरीताल, अधारताल ही मात्र तलावांची नावे आहेत. परंपरेनुसार पहिला राणी दुर्गावतीचा, दुसरा तिच्या दासीचा (‘चेरी’ म्हणजे दासी) आणि तिसरा मंत्री अधारसिंहाचा. आज ही नावे मोहल्ल्यांना चिकटली आहेत. जागेचा सखलपणा सांगणारा इतका सुलभ दस्तऐवज क्वचितच मिळतो, आणि तो वाचण्याचे काम अभियंत्याइतकेच भाषाभ्यासकाचेही आहे. 2025 मध्ये खुला झालेला मदनमहाल–दमोह नाका उड्डाणपूल रानीतालवरूनच जातो.