दोघांचा पन्हाळा

फासे टाकत गोष्ट रचण्याचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्याला सूत्रधार आणि साधारण चार-पाच खेळाडू लागतात. थोरला पुण्याला शिकायला गेल्यावर कोल्हापूरच्या आमच्या घरात खेळायला उरलो दोघेच: अबोल झालेली धाकटी आणि मी.

मी १६६० सालची पन्हाळ्याहून सुटका घेतली. ती मावळा, मी सूत्रधार. सिद्दी जौहरचे पहारे निम्मे केले. तिच्या दिमतीला वाटाड्या दिला. बोलणार मी, ठरवणार ती. शोधणारे डोके एकच, म्हणून एका खुणेच्या जागी तीन ठेवल्या. हरल्यास मरण नाही, कैद. गोष्ट थांबायला नको.

घोडखिंडीशी तिने फासे खाली ठेवले. “बाबा, बाजीप्रभूंना मागे ठेवून पुढे जायचं?”

महिन्याभरात प्रथमच ती आपणहून बोलली होती. वाचकहो, मोठ्या कंपूत हा प्रश्न दुसऱ्याच कुणीतरी विचारला असता!