ऐकलेला डोस, लिहिलेला डोस

साठ-सत्तर वर्षांपूर्वी मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी दवाखान्यात जाणारा माणूस घरून रिकामी बाटली घेऊन निघायचा. डॉक्टर खुर्चीतूनच कंपाउंडरला औषध सांगत. कंपाउंडर मिक्श्चर तयार करी आणि बाटलीच्या अंगावर खाचा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवी. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंतचं औषध म्हणजे एक डोस. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही ही नोंद बरोबर वाचता येई, आणि तिचं मोल आजही कमी मानू नये. पण डॉक्टरांनी काय सांगितलं आणि कंपाउंडरनं काय ऐकलं, याचा कागद कुठेच राहत नसे. त्यात मापं ग्रेनची आणि मिनिमची. एक ग्रेन म्हणजे साधारण 65 मिलिग्रॅम. 1956 च्या वजनमापांच्या कायद्यानं मेट्रिक पद्धत आणली, तरी जुन्या हाताला बसलेली मापं सुटायला बराच काळ गेला.

याच 1956 साली औरंगाबादला वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. 1966 साली लातूरला डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विवेकानंद रुग्णालय उभं केलं. 1974 साली अंबाजोगाईला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आलं, 1988 साली नांदेडला, 1990 साली लातूरला एमआयटी संस्थेचं आणि 2002 साली लातूरलाच सरकारी. मोठी रुग्णालयं आली तशी वॉर्डाची उतरंड आली, केसपेपर आला आणि सकाळचा राउंड आला.

राउंडमध्ये डोसचा प्रवास कसा होतो, हे खाटेजवळ उभं राहून पाहायला हवं. युनिटचे प्रमुख रुग्णाला तपासतात आणि चालता चालता बोलतात. निवासी डॉक्टर केसपेपरवर उतरवून घेतो. तोवर सर पुढच्या खाटेशी पोचलेले असतात. राउंड संपला की सिस्टर केसपेपरवरून ट्रीटमेंट शीट भरतात. दुपारच्या पाळीच्या सिस्टर ती शीट वाचून औषध सिरिंजमध्ये भरतात. सुटीच्या दिवशी इंटर्न त्याच कागदांवरून डिस्चार्ज कार्ड लिहितो, आणि ते कार्ड घेऊन नातेवाईक मेडिकलवर जातो. एकदा बोललेला आकडा असा निदान तीन वेळा नव्यानं लिहिला जातो.

बोलणाऱ्याच्या तोंडी आकडे बहुधा इंग्रजी असतात. 'फिफ्टीन' आणि 'फिफ्टी' यांतला फरक वॉर्डातल्या गलक्यात सहज बुडतो. 'पॉइंट फाइव्ह' लिहिताना आधीचं शून्य राहिलं आणि टिंब पुसट उमटलं, तर 0.5 चे 5 होतात. उलट 5 ऐवजी 5.0 लिहिलं, तर पुढचा माणूस 50 वाचू शकतो. 'युनिट' असं पूर्ण न लिहिता नुसतं इंग्रजी यू अक्षर काढलं तर ते शून्यासारखं दिसतं आणि 4 युनिटचे 40 होतात. अमेरिकेतल्या जॉइंट कमिशननं 2004 साली अशा संक्षेपांची 'वापरू नका' यादीच काढली. त्याआधीच्या वर्षी तोंडी ऑर्डर घेणाऱ्यानं ती लिहून परत वाचून दाखवावी, असा दंडक घातला होता. भारतात रुग्णालयांना मानांकन देणाऱ्या एनएबीएचच्या निकषांतही तोंडी ऑर्डरसाठी ठरलेली पद्धत आणि नंतर डॉक्टरांची सही मागितली जाते.

इन्सुलिनच्या बाबतीत आकडा बरोबर लिहूनही भागत नाही. आपल्याकडे एका मिलिलिटरला 40 युनिटची कुपी आणि लाल टोपणाची सिरिंज ही जोडी सर्रास चालते. 100 युनिटच्या औषधाची सिरिंज नारिंगी टोपणाची. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत 100 युनिटचं औषध भरलं, तर रुग्णाच्या अंगात 50 युनिट जातात. नोंदीत मात्र 20 च असतात. म्हणून आकड्याबरोबर कुपीची ताकदही लिहायला हवी.

एकोणीसशे नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात तोंडी डोस लिहिण्याचा वेगळाच धंदा देशात आला. अमेरिकेतला डॉक्टर रात्री घरी जाण्याआधी फोनवर टिपण बोलून ठेवी. ते आवाज भारतात येत आणि तिथलं रुग्णालय सकाळी उघडेपर्यंत टाइप होऊन परत जात. पुण्या-मुंबईत मेडिकल ट्रान्स्क्रिप्शनच्या क्लासच्या पाट्या लागल्या. कानाला हेडफोन, पायाखाली आवाज मागेपुढे करणारं पेडल आणि ओळींवर ठरणारा पगार, असं ते काम होतं. त्या कामाचा पहिला नियम फार मोलाचा आहे: शब्द किंवा आकडा कळला नाही तर अंदाज करायचा नाही, जागा कोरी सोडायची आणि तसा शेरा मारून पुढे पाठवायचं. आपल्या वॉर्डात हा नियम कुणी रुजवला असता तर कितीतरी केसपेपर जास्त खरे झाले असते.

नियम मोडला की काय होतं, ते अलाबामातल्या एका खटल्यानं दाखवलं. तिथल्या रुग्णालयातून 2008 साली एका मधुमेही बाईंना सुटी मिळाली. सुटीच्या टिपणात इन्सुलिन 8 युनिट होतं. टाइप झालं 80. टायपिंगचं काम एका हातून दुसऱ्या हाती जात मुंबई आणि दिल्लीपर्यंत आलं होतं. डॉक्टरांनी तपासून सही करण्याआधीच तो मजकूर पुढे गेला, पुढच्या शुश्रूषा केंद्रात तेवढं इंजेक्शन दिलं गेलं आणि बाई दगावल्या. डिसेंबर 2012 मध्ये ज्यूरीनं 14 कोटी डॉलरची भरपाई ठरवली. या घटनेत टाइप करणाऱ्याला बोल लावणं सोपं आहे. पण 80 चा आकडा ज्या ज्या नजरेखालून गेला, त्यांतल्या एकीनंही थांबून विचारलं नाही, हे जास्त गंभीर आहे.

नांदेड-लातूरच्या अपघात विभागात हीच परीक्षा वेगळ्या रूपात येते. 'पेशंटनं औषध पिलंय' असं म्हणत नातेवाईक माणसाला आत आणतात, तेव्हा ते बहुतेकदा पिकावर फवारायचं कीटकनाशक असतं. ऑर्गेनोफॉस्फेट गटाचं विष असेल तर उतारा अॅट्रोपिनचा. आपल्याकडची नेहमीची अँप्युल 0.6 मिलिग्रॅमची. सुरुवात तीन अँप्युलनं केली आणि छातीतली घरघर थांबली नाही, तर दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट करायचा: तीन, सहा, बारा, चोवीस. हे सगळं तोंडी चालतं, कारण लिहायला कुणाचाच हात मोकळा नसतो. छाती मोकळी झाली की जितकं औषध गेलं त्याच्या 10 ते 20 टक्के दर तासाला सलाइनमधून चालू ठेवायचं. पंचेचाळीस अँप्युल म्हणजे 27 मिलिग्रॅम, तासाला 2.7 ते 5.4 मिलिग्रॅम. यातली शेवटची चोवीसची खेप नोंदवायची राहिली, तर हिशेब निम्म्याखाली येतो आणि पहाटे रुग्णाची छाती पुन्हा भरू लागते. एखादी खेप दोनदा धरली, तर उलट बाजूनं ताप, बडबड, भ्रम. म्हणून अनुभवी सिस्टर फुटलेल्या अँप्युल टाकून देत नाहीत. त्या ट्रेमध्ये राखतात आणि धावपळ ओसरली की मोजून, वेळ घालून लिहितात. पाठ्यपुस्तकात फारशी न सापडणारी ही शिस्त आहे आणि तिनं जीव वाचतात.

गावपातळीवरचं उदाहरण प्रसूतीचं. किनवट-माहूरकडून नांदेड शंभर किलोमीटरहून लांब. उपकेंद्रात गरोदर बाईला झटके आले, तर पाठवण्याआधी मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस द्यायचा असतो: दोन्ही नितंबांत पाच-पाच ग्रॅम. पन्नास टक्क्यांची दोन मिलिलिटरची अँप्युल एक ग्रॅमची, म्हणजे एकूण दहा अँप्युल. वैद्यकीय अधिकाऱ्यांनी फोनवर नुसतं 'पाच द्या' म्हटलं, तर एएनएमनं पाच काय समजायचं? ग्रॅम, अँप्युल की मिलिलिटर? आणि एका बाजूला की मिळून? तिनं 'दोन्हीकडे पाच-पाच ग्रॅम, एकूण दहा अँप्युल, बरोबर ना सर?' असं विचारायला काही सेकंद लागतात. पुढच्या रुग्णालयाला पाठवण्याच्या चिठ्ठीत ते वेळेसह आलं नाही, तर तिथं तोच डोस पुन्हा दिला जाण्याचा धोका असतो.

कायद्यानं कागदाकडे लक्ष दिलं ते सावकाश. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनं आंतररुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपायला आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायला सांगितलं. 2016 साली त्यात दुरुस्ती होऊन औषधाचं जेनेरिक नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीतल्या अक्षरांत लिहिण्याचं बंधन आलं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2017 मध्ये औषधांमुळे होणारी इजा कमी करण्याची मोहीम जाहीर केली.

मग कोविड आला. पीपीई किटमधल्या डॉक्टरचा आवाज मास्क आणि शील्डमधून घोगरा येई, आतला कागद बाहेर नेता येत नसे, आणि ऑर्डर फोनवरून नाही तर व्हॉट्सअॅपवरून जात. रेमडेसिव्हिर पहिल्या दिवशी 200 आणि पुढे 100 मिलिग्रॅम. 'आज पहिला की दुसरा दिवस?' हा प्रश्न पाळी बदलताना विचारावाच लागे. 25 मार्च 2020 ला निघालेल्या टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक सूचनांनी दूरवरून दिलेल्या औषधाचीही सही असलेली चिठ्ठी, फोटो किंवा स्कॅनच्या रूपात का होईना, रुग्णाला द्यायला लावली. महासाथीतून टिकलेला हा बदल चांगला आहे.

संगणकानं सगळं सुटेल ही आशा मात्र दोनदा अडखळली. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतली जुनी संगणक प्रणाली 2022 मध्ये बंद पडली आणि पुन्हा हाती लिहिलेल्या केसपेपरवर यावं लागलं. आणि आवाज ऐकून आपोआप मजकूर लिहिणारी यंत्रं दवाखान्यांत शिरू लागली, तेव्हा ऑक्टोबर 2024 मध्ये एपी वृत्तसंस्थेनं दाखवलं की ओपनएआयच्या 'व्हिस्पर' प्रणालीनं कुणी न उच्चारलेली वाक्यं, एके ठिकाणी तर अस्तित्वात नसलेलं औषधही, लिहून टाकलं होतं. माणूस निदान अडखळतो, कोरी जागा सोडू शकतो. यंत्र ती जागा सफाईनं भरून टाकतं, आणि वाचणाऱ्याला शंकाही येत नाही.

नांदेड-लातूरच्या वॉर्डांत तेलंगणातून, कर्नाटकातून आणि हिंदी पट्ट्यातून आलेले निवासी डॉक्टर, मराठी सिस्टर आणि हैदराबादची इंग्रजी डिस्चार्ज कार्डं घेऊन आलेले रुग्ण एकत्र असतात. अशा ठिकाणी 'सर, पुन्हा सांगता?' हे वाक्य दिवसातून कितीदा तरी उच्चारलं जायला हवं. ते उच्चारलं जात नाही, कारण भर राउंडमध्ये पुन्हा विचारणं म्हणजे लक्ष नसल्याची कबुली मानली जाते. दरवर्षी इंटर्नची नवी तुकडी वॉर्डात येते. तिला सलाइन लावायला शिकवतात त्याच आठवड्यात ट्रीटमेंट शीटही हाती देऊन लिहून घ्यायला हवं: औषधाचं नाव, ताकद, मिलिग्रॅममध्ये डोस, कशातून, किती वाजता, कुणी सांगितलं, कुणी ऐकलं. आणि सांगणाऱ्या प्राध्यापकांनी पुढच्या खाटेकडे वळण्याआधी ते परत वाचून घ्यायला हवं, तेही स्वतःहून.