कुंदा व हरळी यांचा बंदोबस्त

वऱ्हाडातील भारी काळ्या जमिनीत कापूस, ज्वारी, तूर व सोयाबीन या पिकांना अनेक तणांचा उपद्रव होतो. त्यांपैकी बहुतेक तणे एका हंगामाची असून, बी धरण्यापूर्वी निंदली म्हणजे आटोक्यात येतात. कुंदा व हरळी यांची गोष्ट निराळी आहे. ही गवते वर्षानुवर्षे जगतात आणि त्यांचे खरे बळ जमिनीखाली असते. अमरावती व अकोला जिल्ह्यांत खोल काळ्या जमिनीत कुंदा माजला, तर निंदणाची मजुरी भरूनही पीक हाती लागत नाही आणि लहान शेतकऱ्यावर तो तुकडा पडीत टाकण्याची पाळी येते.

तण टिकते कसे?

हरळीच्या काशा मुख्यतः वीतभर थरात पसरतात. शिवाय जमिनीवर धावणाऱ्या तिच्या कांडीस पेऱ्यापेऱ्याला मुळ्या फुटतात. कुंद्याच्या काशा याहून खोल जातात. या काशांत अन्नाचा साठा असतो. वरचे गवत विळ्याने कापले, तरी त्या साठ्याच्या आधारे नवे कोंब येतात. ओलीत वखर चालविल्यास याहून वाईट घडते. काशांचे तुकडे होतात व पेरे असलेला तुकडा पुन्हा रुजतो. अशा रीतीने तण मारण्यासाठी घातलेली पाळीच तण वाढविते.

उन्हाळी नांगरट

यावर मुख्य उपाय म्हणजे काशा उन्हात वाळविणे होय. वऱ्हाडात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जातो. या उन्हाचा पुरेपूर उपयोग करून घ्यावा. पऱ्हाटी उपटताच किंवा रब्बी पीक निघताच पलटी नांगराने सुमारे एक फूट खोल नांगरट करावी. ढेकळे मोठी निघू द्यावीत व ती लगेच फोडू नयेत. ढेकूळ तापते तशी आतील काशीही वाळते. काही आठवड्यांनी आडवी नांगरट करावी. नंतर वखराने काशा वर आणून वेचाव्यात व वाळल्यावर जाळाव्यात. धुऱ्यावर किंवा उकिरड्यावर त्या टाकू नयेत. तेथून त्या शेणखताबरोबर पुन्हा शेतात येतात.

खोल नांगरटीचे महत्त्व जुने आहे. मध्य भारतातील कांस गवताने व्यापलेल्या जमिनी ट्रॅक्टरने नांगरून काढण्यासाठी १९४९ साली भारताने जागतिक बँकेकडून १ कोटी डॉलरचे कर्ज घेतले होते.

तणनाशकांविषयी

ग्लायफोसेट हिरव्या पिकासही मारते. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. क्विझालोफॉप ईथाइल हे औषध कोवळ्या गवतावर चालते व कापूस, सोयाबीन यांस सहसा अपाय करीत नाही; ज्वारी मात्र स्वतः गवतवर्गीय असल्याने मरते. खोल काशांचा समूळ नाश एका फवाऱ्याने होत नाही. कोणतेही औषध वेष्टनावरील सूचनेप्रमाणेच वापरावे. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतील विषबाधेने शेतकरी व मजूर दगावले, हे विसरू नये. हातमोजे, तोंडावर फडके व अंगभर कपडे घातल्याशिवाय पंप पाठीवर घेऊ नये.

पावसाळ्यातील काळजी

पहिल्या पावसानंतर उरलेल्या काशांना कोंब फुटतात. त्यांची वाढ होण्यापूर्वी ते कुदळीने काशीसकट खणून काढावेत. हरळीला सावली मानवत नाही. म्हणून अशा तुकड्यात ताग दाट पेरून फुलोऱ्यात गाडल्यास तण दबते व जमिनीस हिरवळीचे खतही मिळते.

एका उन्हाळ्यात सर्व तण जाईल अशी अपेक्षा धरू नये. लागोपाठ दोन-तीन वर्षे हा क्रम चालवावा. शेजारच्या धुऱ्यावरून हरळी पुन्हा शिरते, यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी लगतच्या शेतकऱ्यांस एकत्र बसवून नांगरट व धुऱ्यांची सफाई एकाच वेळी करण्याचे ठरवावे. भाड्याचा नांगर एकाच शिवारात सलग चालल्यास प्रत्येकाचा वेळही वाचेल.