काचभंग संवेदक, मोटारगाडीतील
मोटारगाडीची काच फुटल्याचे आवाजावरून ओळखून धोकासूचक यंत्रणेस संकेत देणारी प्रयुक्ती. काचेवर आघात होताच प्रथम कमी कंप्रतेचा ध्वनी व लागलीच तुकडे विखुरताना काही हजार हर्ट्‌झ कंप्रतेचा ध्वनी निर्माण होतो. द्विकंप्रता प्रकारच्या संवेदकात दोन्ही याच क्रमाने आले तरच संकेत निघतो. म्हणून नुसत्या किल्ल्यांच्या किणकिणाटाने तो सहसा फसत नाही.

संवेदकास बहुधा तीन तारा असतात : 12 व्होल्ट पुरवठ्याची, गाडीच्या धातूच्या सांगाड्यास जोडलेली भूयोजनाची व संकेताची. सौम्य इशारा व पूर्ण इशारा असे दोन संकेत देणाऱ्या प्रकारात चौथी तार असते. रंग सर्व उत्पादकांचे सारखे नसल्याने केवळ त्यांवरून तार ओळखू नये. संकेताची तार एरवी खुली असते. काच फुटल्यावर संवेदक तिला क्षणभर सांगाड्याशी जोडतो. नियंत्रकास एवढेच समजते. त्यामुळे या तारेचे आवरण घासून ती पत्र्यास टेकली, तर काच फुटल्याचाच भास होऊन भोंगा वाजतो. उलट ती तुटली, तर काहीच घडत नाही आणि गाडी असुरक्षित असल्याचे मालकास काच प्रत्यक्ष फुटेपर्यंत कळत नाही. हा दुसरा दोष अधिक घातक होय. इमारतींतील पुष्कळ यंत्रणांत मंडल एरवी बंद ठेवतात, तेव्हा तार तुटल्याचीही सूचना मिळते.

भोंगा अकारण वाजू लागला की संवेदनक्षमतेचा स्क्रू फिरविण्याची प्रथा आहे. ती चुकीची आहे. प्रथम संकेताची तार नियंत्रकाकडील टोकापासून सोडवावी. तरीही भोंगा वाजत राहिल्यास संवेदक व ही तार दोन्ही निर्दोष ठरतात. भोंगा मुळीच वाजत नसेल, तर यंत्रणा कार्यान्वित करून नियंत्रकाचे ते अग्र जोडतारेने क्षणभर सांगाड्यास टेकवावे. ते ऋण संकेताचे असल्याची खात्री जोडणी-आकृतीवरून आधी करून घ्यावी. भोंगा वाजल्यास दोष संवेदकात वा त्याच्या तारांत आहे. मग पुरवठा व भूयोजन यांमधील विद्युत् दाब मोजावा. तो घटमालेच्या दाबाइतका, म्हणजे इंजिन बंद असता सुमारे 12.6 व्होल्ट, असावयास हवा. काही नियंत्रक यंत्रणा कार्यान्वित असतानाच संवेदकास भूयोजन पुरवितात; तेथे एरवी केलेले मापन फसवे ठरते. मापनास अंकीय मल्टिमीटर वापरावा. चाचणी-दिवा बराच प्रवाह ओढत असल्याने नियंत्रकातील ट्रँझिस्टर जळू शकतो, आणि पिवळ्या आवरणातील एअरबॅगच्या तारांना तर तो कधीही लावू नये.

भूयोजनाची जोडणी रंग वा गंज चढलेल्या पत्र्यावर केलेली आढळते. तिच्यावर दिवे किंवा भोंगा यांचाही भार असेल, तर त्यांच्या प्रवाहाने तेथील दाब वरखाली होऊन संवेदक चुकीचे संकेत देतो. अशा वेळी पत्रा खरवडून स्वतंत्र जोड द्यावा. काचेला चिकटविलेल्या संवेदकाची तार दारातून जात असल्यास बिजागरीजवळची रबरी नळी आधी तपासावी. दाराच्या उघडझापीने तार बहुधा तेथेच तुटते.