पाच घरं, सहा वाट्या

"मावशी, माझ्या साडेपाच झाल्या."

"माझ्या सात. आणि थोडं पाणी उरलं."

"आठ! पण खाली पण सांडलं."

रविवारी सकाळी साडेदहाची वेळ. एक मुलगा व्हाइटफील्डचा, दोघी बहिणी कोरमंगल्याच्या, बाकीची तिघं राजाजीनगर, मल्लेश्वरम आणि येलहंक्याची. बेंगळुरूत या सहा मुलांना एका खोलीत आणायचं म्हटलं तर प्रत्येकाच्या आईवडिलांचा अर्धा रविवार सिग्नलवर जाईल. म्हणून आमचा मराठी आणि गणिताचा छोटा वर्ग पडद्यावर भरतो. त्या दिवशीचं काम साधं होतं. लिटरची बाटली पाण्याने भरायची, घरातली आमटीची वाटी घ्यायची आणि बाटलीत किती वाट्या पाणी मावतं ते मोजायचं.

सहा जणांनी मोजलं आणि एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळेना. चौथीतली मुलगी वैतागली, "पण मग बरोबर उत्तर कुठलं?" मी गप्प राहिले. थोड्या वेळाने व्हाइटफील्डचा मुलगा म्हणाला, "तुझी वाटी दाखव ना." मग सहाही वाट्या कॅमेऱ्यासमोर आल्या. एक पसरट, एक खोलगट, एक तर चक्क पुडिंगचा काचेचा बाउल. राजाजीनगरच्या मुलाने कन्नडमधून आईला काही विचारलं आणि तो आणखी एक वाटी घेऊन आला. "आमच्याच घरात दोन साइझच्या आहेत!" लिटर नावाची गोष्ट माणसाला का शोधावी लागली, हे मला त्या दिवशी शिकवावं लागलं नाही.

शाळेच्या वर्गात हाच धडा मी कितीदा घेतला आहे. तिथे टेबलावर एकच माप असतं, सगळ्यांचं उत्तर एक येतं आणि हा प्रश्न कुणालाच पडत नाही. पडद्यावरच्या वर्गात काय नसतं याची यादी आपल्याला पाठ आहे. तिथे काय जास्तीचं असतं, याकडे मात्र आपण फारसं पाहिलं नाही. मूल आपल्या घरात बसलेलं असतं. स्वयंपाकघर, दिनदर्शिका, विजेचं बिल, आजीचा डबा, सगळं त्याच्या हाताच्या अंतरावर असतं. दूरच्या मुलांना शिकवायचं सगळ्यात चांगलं साहित्य हेच आहे, असं मला आता ठामपणे वाटतं.

हे समजायला मला वेळ लागला. कोविडच्या महासाथीमुळे मार्च २०२० मध्ये कर्नाटकातल्या शाळा बंद झाल्या, आणि पहिली ते पाचवीचे वर्ग पुन्हा भरायला २५ ऑक्टोबर २०२१ उजाडला. मधल्या एकोणीस महिन्यांत पडद्यावरच्या शिकवण्याबद्दल जेवढा वाद या राज्यात झाला, तेवढा देशात क्वचितच कुठे झाला असेल. लहान मुलांना तासन्‌तास मोबाइलसमोर बसवलं जातंय अशा पालकांच्या तक्रारी आल्या. जून २०२० मध्ये राज्य सरकारने पाचवीपर्यंतच्या ऑनलाइन वर्गांवर बंदी घातली आणि प्रा. एम. के. श्रीधर यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. २७ जूनच्या आदेशाने बंदी थोडी सैल झाली. पालक आणि शाळा उच्च न्यायालयात गेल्या. तेव्हा मुख्य न्यायमूर्ती होते आपले ठाण्याचे अभय ओक. त्यांच्या खंडपीठाने ८ जुलैला १५ आणि २७ जूनच्या दोन्ही आदेशांना स्थगिती दिली. मुलांच्या जगण्याच्या आणि शिक्षणाच्या हक्कावर, म्हणजे राज्यघटनेच्या कलम २१ आणि २१अ वर, या बंदीने प्रथमदर्शनी घाला येतो, असं न्यायालयाने म्हटलं. त्याच वेळी ऑनलाइन वर्ग सक्तीचे करायला किंवा त्यासाठी जादा फी घ्यायला ही स्थगिती म्हणजे परवानगी नाही, हेही स्पष्ट केलं. त्यानंतर आठवडाभरात केंद्राची 'प्रज्ञाता' मार्गदर्शिका आली. पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला फार तर अर्धा तास, पहिली ते आठवीसाठी तीस ते पंचेचाळीस मिनिटांचे दोन तास, नववीपासून पुढे चार.

न्यायालयाने दार उघडं ठेवलं ते योग्यच झालं. पण त्या सगळ्या वादात मोजलं काय गेलं? मिनिटं. किती वेळ चालेल, किती वेळ घातक. त्या मिनिटांत मुलाच्या हातून काय घडतं, हा प्रश्न मागेच राहिला. पंचेचाळीस मिनिटं नुसतं ऐकणारं मूल आणि वीस मिनिटं पाणी मोजणारं मूल, दोघांचा 'स्क्रीनटाइम' एकाच मोजपट्टीने मोजता येणार नाही.

याच शहरातल्या अझीम प्रेमजी विद्यापीठाने तेव्हा केलेल्या दोन पाहण्या आजही वाचण्यासारख्या आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये पाच राज्यांतल्या सरकारी शाळांचे १,५२२ शिक्षक आणि ३९८ पालक यांच्याशी बोलून केलेली पहिली. साठ टक्क्यांहून अधिक मुलांपर्यंत ऑनलाइन वर्ग पोहोचतच नव्हते, आणि मूल काय शिकलं हे या पद्धतीत नीट तपासता येत नाही, असं सुमारे नव्वद टक्के शिक्षक सांगत होते. दुसरी पाहणी फेब्रुवारी २०२१ ची, १,१३७ सरकारी शाळांतल्या दुसरी ते सहावीच्या १६,०६७ मुलांची. आधीच्या वर्षी येत असलेलं भाषेतलं किमान एक कौशल्य ९२ टक्के मुलं गमावून बसली होती. गणितात हाच आकडा ८२ टक्के.

मला यातला सगळ्यात महत्त्वाचा आकडा वाटतो तो तपासता न येण्याचा. मोबाइल नसणं ही गरिबीची अडचण आहे आणि तिचं उत्तर शिक्षकाच्या हातात नाही. पण मोबाइल, वायफाय, स्वतंत्र खोली सगळं असलेल्या घरांतही मुलाचं काय चाललंय ते बाईंना दिसत नव्हतं, आणि ते दिसायची सोय करता येते.

आम्ही सुरुवातीला काय करत होतो? मुलांचे चेहरे बघत होतो. "कॅमेरा ऑन करा" हे वाक्य मी त्या वर्षात हजारदा म्हटलं असेन. चेहरा दिसला की मूल लक्ष देतंय असं आम्ही धरून चालायचो. एक दिवस पाचवीतल्या एका मुलाचा फोन स्टँडवरून घसरला आणि आडवा पडला. पडद्यावर त्याची वही आली आणि पेन्सिल धरलेला हात. बावन्नातून सदतीस वजा करत होता. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने सरळ सातातून दोन घेतले, पाच लिहिले. मग पाचातून तीन. उत्तर पंचवीस. हातचा घ्यायचा विचारही त्याच्या मनात आला नव्हता. वर्गात त्याच्या बाकाशी उभी असते तर मला हेच दिसलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या वहीच्या फोटोत फक्त चुकलेलं उत्तर दिसलं असतं.

तेव्हापासून आमच्या वर्गात फोन उभा नसतो. डब्यांच्या दोन चळती समोरासमोर ठेवायच्या, त्यांच्यावर पूल केल्यासारखा फोन आडवा ठेवायचा, कॅमेरा खाली वहीकडे. चेहरा दिसला नाही तरी चालतं. एका खोलीच्या घरात मागे कोण कपडे बदलतंय, कोण झोपलंय याची लाज मुलांना वाटते, तीही मिटते. ज्यांचा कॅमेरा मुलाकडे वळलेला असतो त्यांच्याकडे एक गंमत हमखास होते: मूल वही दाखवतं आणि ओरडतं, "उलटं दिसतंय!" आपल्याला आपलं चित्र आरशासारखं दिसतं, बाईंना अक्षरं सरळच दिसतात. पहिल्याच दिवशी हे सांगून टाकलं की मुलं वही फिरवत बसत नाहीत.

आवाजाचंही तसंच. आपल्याकडच्या वर्गाचा प्राण म्हणजे सगळ्यांनी एका सुरात म्हणणं. पाढे, कविता, बाराखडी. पडद्यावर ते जमत नाही, कारण आवाज प्रत्येक घरातून वेगवेगळ्या वेळाने पोहोचतो, आणि एका वेळी अनेक जण बोलले की यंत्रणा मोठा आवाज पुढे करते, बाकीचे दाबते. त्यामुळे सात एके सात म्हणताना एकच मूल ऐकू येतं आणि बाकीची गोंधळतात. यावर उपाय असा की सगळ्यांनी माइक बंद ठेवून मोठ्याने म्हणायचं आणि दर ओळीला वेगळ्या एकाने माइक सुरू करायचा. पुढची ओळ कुणाची ते आधी ठाऊक नसतं, म्हणून सगळेच तयार राहतात.

प्रश्न विचारल्यावर थांबणं तर इथे दुप्पट गरजेचं. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती ऐकून मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं तर मुलं लांब आणि विचार केलेली उत्तरं देतात, एरवी गप्प बसणारीही बोलतात. पडद्यावर आवाज पोहोचायचा वेळ आणि माइकचं बटण शोधायचा वेळ यांतच ते तीन सेकंद संपतात. मी दहापर्यंत मनात मोजते. त्या शांततेची भीती आधी फार वाटायची. आता मुलांना म्हणते, उत्तर चॅटमध्ये लिहा पण पाठवू नका, मी 'आता' म्हटलं की सगळ्यांनी एकदम पाठवायचं. त्यामुळे हुशार मुलाचं उत्तर पाहून कुणी आपलं बदलत नाही, आणि कोरमंगल्याची धाकटी, जी आवाजाने कधीच बोलत नाही, तीही वर्गात असते.

लांबलचक तास मध्येमध्ये तोडायला हवा, यालाही चांगला आधार आहे. २०१३ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी एकवीस मिनिटांचं व्हिडिओ व्याख्यान चार तुकड्यांत दाखवलं. ज्यांना प्रत्येक तुकड्यानंतर छोटी चाचणी दिली, त्यांचं मन भरकटण्याचं प्रमाण १९ टक्के निघालं. ज्यांना दिली नाही त्यांचं ४१. ते महाविद्यालयीन विद्यार्थी होते. दहा वर्षांच्या मुलाला एका दमात किती ऐकवायचं याचा अंदाज त्यावरून यावा. आमच्या वर्गात पाच-सहा मिनिटं बोलणं आणि मग हाताला काम, असा क्रम ठरलेला आहे.

आता फोनच साधा असेल तर? याचं उत्तर मला सगळ्यात जास्त हलवून गेलं. २०२० मध्ये बोट्स्वाना या आफ्रिकी देशात सुमारे साडेचार हजार कुटुंबांवर एक प्रयोग झाला. काहींना आठवड्याला गणितं मेसेजने पाठवली, काहींना त्या मेसेजसोबत शिक्षकाचा वीसेक मिनिटांचा फोनही यायचा. नुसत्या मेसेजने ठळक फरक पडला नाही. फोनवाली मुलं खरोखर पुढे गेली. ना व्हिडिओ, ना अ‍ॅप. कुणीतरी एकेका मुलाशी वेगळं बोललं, त्याने गणित कसं केलं ते ऐकलं आणि पुढचं गणित त्यावरून ठरवलं.

बेंगळुरूत राहून हे लिहिताना मनात कालवाकालव होते. पडद्यावरच्या शिक्षणाची देशाची अर्धी यंत्रणा याच शहरात घडली. शिक्षणासाठीचा उपग्रह एज्युसॅट इस्रोने २००४ मध्ये सोडला, तो इथे बांधलेला. त्याचे धडे चामराजनगरच्या प्राथमिक शाळांत पोहोचले. २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या सरकारी शिक्षण-मंचाचा तांत्रिक पाया इथल्याच एकस्टेप फाउंडेशनने रचला. मोठमोठ्या शिकवणी कंपन्याही इथल्याच. धडा मुलापर्यंत पोहोचवण्यात या शहराइतकी हुशारी क्वचितच कुठे असेल. मुलाची वही शिक्षकापर्यंत परत आणण्यासाठी त्या मानाने फारच थोडी बुद्धी खर्च झाली.

दूरदर्शनवरून तर वही परत येणं शक्यच नव्हतं. तरीही तिथे सुचलेली एक गोष्ट मला फार आवडते. २० जुलै २०२० ला कर्नाटकात चंदन वाहिनीवर आठवी ते दहावीसाठी 'संवेद' सुरू झालं, आणि त्याच दिवशी महाराष्ट्रात सह्याद्रीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची पहिली ते आठवीसाठीची 'टिलीमिली'. तिच्यात फळ्यासमोरचं व्याख्यान नव्हतं. घरातल्या माणसांसोबत, घरातल्याच वस्तू घेऊन करायच्या गोष्टी होत्या. आमची वाटी-बाटली त्याच वाटेची आहे.

महासाथ संपली म्हणून हा विषय संपलेला नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये बाह्य वळण रस्त्याच्या परिसरात पाणी भरलं, मार्च २०२४ मध्ये पाण्याची टंचाई झाली, दोन्ही वेळा इथल्या काही शाळा पडद्यावर गेल्या. पुन्हा जातील. तेव्हा शिक्षकांना फक्त लिंक कशी पाठवायची एवढंच येऊन भागणार नाही.

वाट्यांच्या धड्याच्या पुढच्या रविवारी येलहंक्याच्या मुलीच्या खोक्यात आणखी एक चेहरा आला. तिची बेळगावची आजी आली होती. आजींच्या हातात पितळेचं मापटं होतं. "लिटर-बिटर राहू दे," त्या म्हणाल्या, "आमच्याकडं दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर. आणि चार शेरांची पायली." मुलं ऐकत राहिली. मी काही बोलणार एवढ्यात सहाही वह्यांवर पेन्सिली चालू झाल्या. शेराला एक धरलं तर मापटं अर्धं, चिपटं पाव. कोरमंगल्याच्या धाकटीने कोळव्यासमोर एक छेद आठ लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. मग इतक्या रविवारांत पहिल्यांदा तिने स्वतःहून माइक सुरू केला.

"आजी, त्याच्याहून लहान पण असतं का?"

"असतं की," आजी म्हणाल्या. "निळवं."