डोक्यावरचं कापड आणि वर्गातली जागा

डोंगरकड्याच्या या व्याख्यानात आपण जो विषय घेतलाय, तो इथल्या रोजच्या पाहण्यातला आहे. सकाळी नांदेडकडे किंवा हिंगोलीकडे जाणाऱ्या एसटीसाठी पोरी उभ्या असतात. एकीनं उन्हासाठी डोक्याला स्कार्फ बांधलेला असतो, दुसरीनं धुळीसाठी डोळे सोडून सगळं तोंड गुंडाळलेलं असतं, तिसरीच्या अंगात बुरखा असतो. तिघींनाही वर्ग गाठायचाय. पण वर्गाच्या दारात वाद होतो तो तिसरीवरूनच. तिला अडवायचं का? आणि अडवलं, तर ते धर्मनिरपेक्षतेच्या नावानं करता येतं का?

आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण निम्मं भांडण त्यांच्या सरमिसळीतून होतं. हिजाब म्हणजे केस आणि मान झाकणारं कापड. चेहरा उघडा राहतो. नकाब चेहरा झाकतो. बुरखा म्हणजे सगळं अंग झाकणारा पोशाख. तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून त्यांची उत्तरंही वेगळी निघू शकतात.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घेऊ. २०२४ साली मुंबईत चेंबूरच्या आचार्य-मराठे महाविद्यालयानं पोशाखाचे नियम काढले. धर्म दिसेल असं काही घालायचं नाही. बुरखा, नकाब, हिजाब, टोपी, बिल्ला, सगळं बंद. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या. २६ जून २०२४ ला त्यांची याचिका फेटाळली गेली. नियम सगळ्या धर्मांना सारखा आहे आणि तो शिस्तीसाठी आहे, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ९ ऑगस्टला तिथं हिजाब, टोपी आणि बिल्ल्यावरच्या बंदीला अंतरिम स्थगिती मिळाली. मात्र वर्गात बुरखा नको आणि आवारात धार्मिक कार्यक्रम नकोत, हेही न्यायालयानं बजावलं. सुनावणीत न्यायमूर्तींनी विचारलं, की टिळा किंवा टिकली लावलेल्या मुलीलाही तुम्ही अडवणार का? आणि धर्म तर नावावरूनही कळतो, त्याचं काय करणार?

हा प्रश्न आपण सगळ्यांनी स्वतःला विचारावा असा आहे. ‘नियम सगळ्यांना सारखा’ हे ऐकायला न्यायाचं वाटतं. पण नियमाचा भार कुणावर किती पडतो, तेही पाहायला लागतं. बिल्ला काढून ठेवणाऱ्या पोराचं काही जात नाही. डोक्यावरचं कापड काढायला तयार नसलेल्या पोरीचं मात्र आख्खं शिक्षण जाऊ शकतं.

आता संविधान काय म्हणतं? कलम २५ सदसद्विवेकबुद्धीचं आणि धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य देतं. ते अमर्याद नाही; सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांच्या अधीन आहे. पण १९५४ च्या शिरूर मठाच्या निकालापासून एक कसोटी रुळत गेली: ती प्रथा त्या धर्माचा आवश्यक भाग आहे का? १५ मार्च २०२२ ला कर्नाटक उच्च न्यायालयानं याच कसोटीवर हिजाब आवश्यक नसल्याचं सांगितलं. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं यावर एकमत झालं नाही. न्या. हेमंत गुप्तांनी बंदी योग्य ठरवली. न्या. सुधांशू धुलियांनी हा मुलीच्या निवडीचा प्रश्न मानला आणि तिच्या शिक्षणाला महत्त्व दिलं.

या कसोटीत आम्हाला एक मोठी खोच दिसते. समजा उद्या न्यायालय म्हणालं, हिजाब आवश्यकच आहे. मग जी मुस्लिम मुलगी तो घालत नाही, तिच्याकडे बोट दाखवायला घरच्यांना आणि मौलवींना आयता आधार मिळाला! आणि आवश्यक नाही म्हटलं, तर घालणारीचा आधार गेला. दोन्ही वेळा धर्मग्रंथांवर चर्चा झाली. मुलीला काय वाटतं, हे बाजूलाच राहिलं. म्हणून प्रश्न तिच्या विवेकाचा आणि तिच्या हक्काचा ठेवावा, हे आमचं म्हणणं.

जरा बाहेर पाहू. इराणमध्ये १९३६ साली रेझा शाहनं हुकूम काढून बायकांचे बुरखे उतरवले. पोलीस रस्त्यात कापड ओढत. १९७९ च्या क्रांतीनंतर तेच राज्य उलट्या टोकाला गेलं आणि डोकं झाकणं सक्तीचं झालं. सप्टेंबर २०२२ मध्ये हिजाब नीट नाही म्हणून पकडलेल्या महसा अमिनीचा कोठडीत असताना मृत्यू झाला आणि देश पेटून उठला. हुकूम दोन आले, दिशा दोन होत्या, पण दोन्ही वेळा बाईला कुणी विचारलं नाही.

‘मग तुम्ही बुरख्याच्या बाजूचे का?’ असं कुणी विचारेल. नाही. बाईला लपवायला सांगणारी प्रथा समतेत बसत नाही, हे आम्ही स्पष्ट म्हणतो. कित्येक पोरींवर घरातून दबाव असतो, हेही खरं. पण बदल कसा येतो? १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी घेऊन त्या बायका स्वतः पुढं आल्या. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभं राहिलं. एका दमात दिलेला तलाक सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली रद्द ठरवला, तोही शायरा बानो आणि इतर बायका न्यायालयात गेल्यामुळं. म्हणजे राज्याची गरज लागते. पण बाईला बळ द्यायला, तिला दारातून परत पाठवायला नव्हे.

आपल्या घरचंच बघा ना. आजीचा पदर डोक्यावरून घसरला की सासू डोळे वटारायची. तो पदर सरकारनं हुकूम काढून खाली आणला का? मुली शाळेत गेल्या, नोकरीला लागल्या, बचत गटात बोलू लागल्या, आणि पदर आपोआप खांद्यावर आला. ज्यांना डोक्यावर ठेवायचा होता, त्यांनी ठेवला.

मग व्यवहारात काय करावं? परीक्षेला, ओळख पटवताना चेहरा दाखवायला सांगणं रास्त आहे; ते बाई कर्मचाऱ्यानं, आडोशाला करावं. प्रयोगशाळेत सुरक्षेचे नियम सगळ्यांनी पाळावेत. गणवेश असेल तर त्याच रंगाचा स्कार्फ चालू द्यावा. आणि जिला कापड काढायचंय, तिच्यावर घरातून जबरदस्ती होत असेल, तर शिक्षकांनी आणि गावानं तिच्या पाठीशी उभं राहावं. ही दुसरी जबाबदारी आपण नेहमी विसरतो.

घालायची सक्ती नको आणि काढायचीही नको. एसटीतून उतरलेल्या तिन्ही पोरी वर्गात बसल्या पाहिजेत. कापडाचं काय करायचं ते शिकून मोठ्या झालेल्या त्या ठरवतील. आता तुमचे प्रश्न घेऊ. पहिला प्रश्न शक्यतो मागं बसलेल्या बायांकडून यावा.